पंचाहत्तर किलो

पट्ट्याचं बक्कल खट्‌कन बसलं आणि सावळीरामला वाटलं, झालं. आता आपल्याला कुणी उठवत नाही. नेमकी तेव्हाच खांद्यावर दोन बोटं टेकली. एप्रिलमधले दुपारचे दोन, विमान म्हणजे उन्हात ठेवलेला पत्र्याचा डबा, मागच्या जाळीआडून द्राक्षांच्या पेट्यांचा गोडसर, किंचित आंबूस वास, आणि कानाशी फकिराचा अगदी खाली आणलेला आवाज : "काका, जरा उतरावं लागतंय." फकिरा म्हणजे नाशिकच्या गांधीनगर विमानतळावर या छोट्या कंपनीची तिकिटं बघणारा, सामान मोजणारा, वजनाचे कागद भरणारा, सगळंच एकट्याने करणारा चोवीस वर्षांचा कारकून. त्याच्या हनुवटीवरून घामाचा एक थेंब सावळीरामच्या इस्त्रीच्या बाहीवर पडला. सावळीराम आधी त्या थेंबाकडे बघत राहिला, मग समोर. वैमानिकाच्या खोलीला दार नव्हतं, नुसता पडदा होता, आणि तो अर्धा सरकलेला होता. पांढऱ्या कॉलरवर ती मान दिसत होती, डाव्या कानामागे केसांचा भोवरा असलेली. न्हाव्याचा वस्तरा त्या भोवऱ्याशी आला की ती मान लहानपणी आखडायची, आणि सावळीरामला ती दोन्ही हातांनी धरून बसावं लागायचं. आज ती आपणहून वळली. गोरक्षने, त्याच्या मुलाने, या विमानाच्या कॅप्टनने, बापाच्या डोळ्यांत न बघता त्याच्या खांद्याच्या जरा वर कुठेतरी बघितलं. "अप्पा, जड होतंय," तो म्हणाला. "पुढच्या—" आणि तिथेच थांबला.

कारण पुढची वेळ नव्हती. परवा एक तारखेपासून गोरक्ष मोठ्या कंपनीत जाणार होता, मोठ्या विमानांवर, आणि मोठी विमानं नाशिकला उतरत नव्हती. आजचं हे उड्डाण त्याचं इथलं शेवटचं होतं. सावळीरामने बक्कल सोडलं. ज्या हातांनी एकतीस वर्षं ओझरच्या कारखान्यात विमानं तराजूवर चढवली, त्या हातांना एक बक्कल सोडायला दोनदा प्रयत्न करावा लागला. पायांतली पिशवी त्याने उचलली. तीत बायकोने, चंद्रभागेने, बांधून दिलेल्या दशम्या होत्या आणि सुनेसाठी घेतलेला वाळ्याचा पंखा. पुढच्या रांगेतला द्राक्षांचा व्यापारी गुडघे आवरून बसला, त्याला जायला वाट मिळावी म्हणून. सगळे खिडकीबाहेर बघत होते. माणसाला उठवताना लोक किती सभ्य होतात, असं काहीतरी त्याच्या मनात आलं. शिडीच्या तीन पायऱ्या. खाली डांबर इतकं तापलेलं की वहाणेचा तळ चिकटत होता.

मुलाला वैमानिकाची नोकरी लागली त्या वर्षी घरात एक नवा शब्द आला होता : सब्लोड. वैमानिकाच्या घरच्यांना विमान फुकट, पण सब्लोड. म्हणजे पैसे भरलेली माणसं बसली, त्यांचं सामान चढलं, माल चढला, आणि तरी जागा उरली, वजन उरलं, तर. चंद्रभागेच्या जिभेवर तो शब्द बसेना, म्हणून तिने त्याचं उरलंसुरलं करून टाकलं होतं. शेजारची अंबूबाई विचारायची, काय हो, पोरगा विमान चालवतो, अजून बसला नाहीत? की चंद्रभागा सांगायची, आमचं उरल्यासुरल्याचं तिकीट हाय बाई, पंगत उठल्याबिगर आमाला पान नाय. तीन वर्षांत सावळीराम याआधी तीनदा या विमानतळावर आला होता. पहिल्यांदा ऐनवेळी एक नवराबायको धापा टाकत आली, बाईच्या हातातली मेंदी ओली दिसत होती, आणि त्यांनी तिकीट काढलं. दुसऱ्यांदा विमानाच्या एका चाकात बिघाड निघाला, तेव्हा त्याला खरं तर वाईटच वाटलं नाही. तो कुंपणाला टेकून दीड तास तो बिघाड बघत उभा राहिला आणि घरी येऊन त्याने चाकाचीच गोष्ट सांगितली. तिसऱ्यांदा जागा उरली, पण एकच. दोघं तयार होऊन आली होती. तिने नवं लुगडं नेसलेलं. तो म्हणाला, तू जा. म्हणताना त्याला वाटलं होतं ती नको म्हणेल. ती म्हणाली, बरं.

दुसऱ्या दिवशी ती मुंबईहून एस्टीने परत आली तेव्हा त्याने तिला अंगणातच गाठलं होतं. उठताना नाक किती वर झालं, चाकं आत ओढल्याचा आवाज आला का, वळताना कुठला पंख खाली गेला, ओझरच्या आपल्या शेड दिसल्या का. ती पाय धूत होती. म्हणाली, "पंख कुठला वो, मी डोळे मिटून बसले व्हते. मंग उघडले तं खाली समदा कापूस पिंजून ठेवल्यावानी. आन् लेक पुढं बसलेला. त्याची मान दिसत व्हती. येवढंच." आणि मग संध्याकाळी तांदूळ निवडता निवडता, पेठकडच्या तिच्या माहेरच्या बायका जात्यावर गातात त्या चालीत, ती आपल्याशीच म्हणत बसली :

माझ्या गोरक्षाचं विमान, वर ढगाच्या पल्याड
खाली बोटायेवढं दिसे, आपल्या घराचं कवाड

सावळीराम आतून चिडला होता. तिच्यावर नव्हे, किंवा तिच्यावरच, पण चिडावं असं तिने काहीच केलं नव्हतं. ढगांच्या पल्याड नव्हतं ते विमान, ढगांच्या जेमतेम वर असणार, नऊ-दहा हजार फुटांवर. आणि कवाड दिसणं शक्यच नव्हतं. जिला नाक आणि शेपूट यातला फरक सांगता येत नाही ती जाऊन आली आणि डोळे मिटून बसली. आणि ज्याने प्रत्येक विमानाचं वजन, प्रत्येकाचा तोल, नाकाकडे किती आणि शेपटाकडे किती, ग्रॅमपर्यंत कागदावर उतरवलं, त्याने जमीन सोडली नव्हती. निवृत्तीच्या दिवशी वजनशेडमधल्या पोरांनी त्याला हार घातला होता, आणि कुणीतरी थट्टेने म्हणालं होतं, सावळीरामदादांनी चढवलेलं प्रत्येक विमान उडालं, एक दादाच जमिनीवर राहिले. सगळे हसले. तोही हसला होता.

आता तो विमानतळाच्या बैठ्या इमारतीच्या सावलीत, खांबाला टेकून उभा होता. विमान धावपट्टीच्या टोकाकडे निघालं होतं. पंख्यांच्या वाऱ्याने वाळकं गवत आडवं झालं, त्याच्या धोतराचा सोगा फडफडला. गोरक्षने हात केला का? काचेवर ऊन पडलं होतं, काही कळलं नाही. त्याने आपला हात अर्धा उचलला आणि टोपी सारखी केल्यासारखं केलं. घरी गच्चीवर चंद्रभागा उभी असेल. सकाळीच ठरलं होतं. अंबडच्या कारखान्यांच्या अलीकडे त्यांची कॉलनी, एकसारखी पांढरी घरं. वरून आपलं कुठलं कसं ओळखणार, असं तो म्हणाला, तेव्हा तिने पेटीतून लग्नातलं लाल लुगडं काढलं होतं. म्हणाली होती, गच्चीवर पसरून चार कोपऱ्यांना चार विटा ठेवते, मंग तर दिसंल? तो म्हणाला, रंग उडेल उन्हाने. ती म्हणाली, उडू द्या, कोन आता नेसतंय.

गेल्या महिन्यातली ती दुपारही आठवली, सून लता मुंबईहून आली होती तेव्हाची. मोठ्या कंपनीचं पत्र आलं होतं आणि गोरक्षचं मन ठरत नव्हतं. लताने शाळेच्या वहीचं एक पान फाडून त्यावर मधोमध रेघ मारली होती, डावीकडे छोटी, उजवीकडे मोठी. छोट्या कंपनीत बायको-मुलांना वर्षाला सहा फेऱ्या, आईवडलांना चार, नोकरीच्या पहिल्या दिवसापासून. पण विमानात अठरा जागा, त्यातही दुपारी हवा तापून विरळ झाली की वजनाची बोंब. मोठीत सव्वाशे जागा, सब्लोडवाला सहसा मागे राहतच नाही, दिल्ली, मद्रास, कलकत्ता, आणि वर्षातून एकदा परदेशही. पण बायको-मुलांना सहा महिन्यांनी. आईवडलांना एका वर्षाने, आणि तेही मुलाबरोबर एकाच रेशनकार्डावर असले तर. रांगही नोकरीच्या तारखेवर : ज्याची तारीख जुनी त्याचे आईवडील पुढे. गोरक्ष तीन वर्षांची तारीख सोडून पुन्हा शेवटून पहिला होणार. लता ते सगळं समजावून सांगत होती, चांगली सांगत होती, शाळेत शिकवल्यासारखी. म्हणाली, "अप्पा, नुसतं नाव तर हलवायचंय. तुमचं दोघांचं नाव आमच्या मुंबईच्या कार्डावर टाकू. राहा तुम्ही इथेच." चंद्रभागा स्वयंपाकघरातून म्हणाली, "नाव तिकडं न् तोंड हिकडं. मंग खायचं कुनाच्या नावानं?" सगळे हसले होते.

लता गेल्यावर सावळीरामने ते पान चष्म्याच्या घरात घडी घालून ठेवलं. पुन्हा पुन्हा काढून बघितलं. तिसऱ्या-चौथ्यांदा बघताना त्याला सगळ्यांत खालची ओळ दिसली. बारीक अक्षरात लिहिलं होतं, माझे आईबाबा. डावीकडे आडवी रेघ. उजवीकडे आडवी रेघ. त्या ओळीबद्दल लता काहीच बोलली नव्हती. तिचे आईवडील नागपूरला, वडील अंथरुणाला खिळलेले. वैमानिकाच्या सासूसासऱ्यांना कुठल्याच कंपनीत उरलंसुरलंसुद्धा नव्हतं. सावळीराम त्या दोन रेघांकडे बराच वेळ बघत राहिला होता आणि त्याला आपल्या हट्टाची लाज वाटली होती. लाज वाटली, पण हट्ट गेला नव्हता. त्याला मद्रास नको होतं, कलकत्ता नको होतं. त्याला सव्वाशे माणसांच्या मागे, पोरगा कुठे बसलाय तेही न दिसणाऱ्या विमानात बसायचं नव्हतं. त्याला गांधीनगरहून उठायचं होतं, एकदा, आणि ओझरच्या शेडची ती लांब पत्र्याची पाठ वरून बघायची होती, जिच्या आत तो एकतीस वर्षं खालून वर बघत बसला होता. आणि समोर ती मान.

विमान टोकाला वळलं, थांबलं. इंजिनांचा आवाज चढत गेला. सावळीरामला तो आवाज पोटात कळायचा. आवाज चढला की कारखान्यातली त्याची हाताखालची माणसं बोलणं थांबवायची, आणि त्याला एकदम, उगाच, तो कारखान्याचा वार्षिक दिवस आठवला, त्या एका दिवशी घरच्यांना आत येऊ द्यायचे. एक जुनं विमान मैदानात आणून ठेवलेलं, पोरांनी रांगेने शिडी चढायची, वैमानिकाच्या जागी मिनिटभर बसायचं, उतरायचं. दोरी धरायचं काम त्या वर्षी सावळीरामकडे होतं. गोरक्ष नऊ वर्षांचा. सकाळपासून रांगेत, मध्ये एकदा तहान लागली म्हणून गेला आणि पुन्हा मागून उभा राहिला, बापाने ओळखीने पुढे घेतलं नाही म्हणून. पाच वाजता भोंगा झाला तेव्हा शिडीशी तोच होता, एक पाय पहिल्या पायरीवर ठेवलेला. सावळीरामने दोरी लावली. म्हणाला, भोंगा झाला. मागच्या पोरांनी गलका केला. गोरक्षने केला नाही. त्याने पाय खाली घेतला. सायकलवरून घरी येताना तो पुढच्या दांडीवर बसला होता आणि सावळीरामला पूर्ण रस्ताभर त्याची मान दिसत होती. एका मिनिटाने काय झालं असतं? त्या वेळी त्याला अभिमानच वाटला होता, स्वतःचा, की नियम तो नियम, पोटच्या पोरालासुद्धा. कारखान्यात त्याने ती गोष्ट दोन-तीनदा सांगितलीही होती. आज कुणीतरी त्याला तीच गोष्ट परत सांगितल्यासारखं वाटत होतं, तोंडावर, तीन शब्दांत. अप्पा, जड होतंय.

विमान धावलं. त्याच्या डोळ्यांसमोरून गेलं तेव्हा नाक उचललं होतं, अगदी जिथे उचलावं तिथे. नाही, जरा आधीच. त्याच्या डोळ्याला ते लागलं. इतक्या उन्हात, इतक्या भरल्या विमानाने अजून शंभरेक पावलं जमीन धरायला हवी होती. हलकं उठलं, तो मनाशी म्हणाला, आणि मग ते विसरला, कारण विमान लहान होत चाललं होतं.

फकिराने आतून हाक मारली. चहा मागवला होता. "काका, या ना आत, ऊन लागेल." सावळीराम गेला. आत पंखा गरगरत होता आणि काउंटरच्या बाजूला सामानाचा काटा होता, पत्र्याचा, घड्याळासारखी तबकडी असलेला. त्या काट्याकडे बघितल्यावर त्याला सकाळचं आठवून पुन्हा संताप आला, या वेळी स्वतःचा. फकिरा म्हणाला होता, बसा काका, तुमचं पंचाहत्तर धरलंय. प्रत्येक प्रवाशाचे पंचाहत्तर किलो धरायचे, बाई असो बाप्या असो, हा कंपनीचा ठरलेला आकडा होता. पण धरलंय हा शब्द वजनशेडमध्ये शिवीसारखा होता. तिथे काही धरायचं नसतं, मोजायचं असतं; एका पोराने एकदा पाना किती वजनाचा ते धरलं होतं, तर सावळीरामने पूर्ण विमान पुन्हा तराजूवर चढवायला लावलं होतं. तो म्हणाला होता, मी पंचाहत्तर नाही. मला मोज. फकिरा हसला, म्हणाला, काका, तुम्ही कॅप्टनसाहेबांचे वडील, तुम्हाला कशाला. तरी तो चढलाच काट्यावर, वहाणांसकट, पिशवीसकट, चष्म्यासकट. चौसष्ट. बघ, तो म्हणाला होता, विजयाने. अकरा किलो वाचवले तुझे. फकिराने लिहून घेतलं होतं.

चहा गोड होता, फार गोड. फकिरा समोर उभाच होता. सुरगाण्याकडचा पोरगा, घरचा पहिलाच शिकलेला, सहा महिने झाले लागून, अजून कायम व्हायचा होता. आज सकाळीच त्याने सावळीरामला सगळं सांगितलं होतं, आई नागली विकून पैसे पाठवायची ते सुद्धा. तो आता अपराध्यासारखा चुळबुळत होता. म्हणाला, "राग मानू नका काका. अठ्ठेचाळीस किलो वर जात होतं. पेट्या काढल्या असत्या तर व्यापाऱ्याने बोंब मारली असती. सब्लोडच आधी काढायचा असतो. साहेबांना मी दोनदा विचारलं. साहेबांनी नुसता हात पुढे केला कागदासाठी." मग जरा थांबून त्याने तो कागद काउंटरवर सरकवला, खालची निळी प्रत. वजनाचा कागद. "तुम्ही तर यातलेच. एकदा बघता का? संध्याकाळी मुंबईला पाठवायचाय. साहेबांच्या शेवटच्या दिवसाचा आहे, चूक नको."

सावळीरामने चष्मा लावला. बघायचं नव्हतं, पण आकड्यांचा कागद समोर आला की डोळे आपोआप पहिल्या ओळीवर जायचे, तान्ह्या पोराने आईचा पदर धरावा तसे. दुपारच्या तापमानाला चालणारं एकूण वजन : पंधराशे. पेट्या साठ, दोनशेचाळीस किलो. सामान एकशेएकोणीस. सब्लोड चौसष्ट, त्यावर आडवी काट मारलेली. प्रवासी पंधरा, तेही खोडून चौदा केलेले. वजन अकराशे पंचवीस. एकूण चौदाशे चौऱ्याऐंशी. खाली सही. गोरक्षची सही, लपेटदार, एका झटक्यात केलेली, शेवटची मात्रा कागदात घुसलेली.

अकराशे पंचवीस.

त्याने पुन्हा बघितलं. चौदा माणसं. पंचाहत्तर. चौदा पंचाहत्तरी एक हजार पन्नास. अकराशे पंचवीस होतात ते पंधरा माणसांचे. पंधरावा कोण? पंखा गरगरत होता, कागदाचा कोपरा उडत होता, त्याने तो अंगठ्याने दाबून धरला. पंधरावा तोच होता. फकिराने सकाळी त्याचे पंचाहत्तर आधीच धरले होते. मग त्याने हट्टाने काट्यावर चढून चौसष्ट लिहवून घेतले. आणि पोराने ते खाली वेगळे लिहिले, वरचे कमी केलेच नाहीत. एकाच सावळीरामला दोनदा चढवला. एक धरलेला, एक मोजलेला. दोघं मिळून अठ्ठेचाळीस किलो जास्त झाले, आणि त्यातला मोजलेला खाली उतरवला. जागा होती. वजन होतं. सत्तावीस किलो वर उरत होते. तो बसून राहिला असता, बक्कल लावून, ती मान बघत, आणि विमान जसं उठलं तसंच उठलं असतं, जरा उशिरा, अजून शंभर पावलांनी. अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात इतकं साधं, इतकं दुसरीच्या पोराला कळावं असं गणित त्याने कधी बघितलं नव्हतं, आणि ते त्याने स्वतः हट्ट करून बिघडवलं होतं.

आणि गोरक्षने बघितलं नव्हतं. ज्याला त्याने घरी पाटीवर शिकवलं होतं, खालून वर बेरीज कर, वरून खाली कर, मग सही कर, त्याने नुसती खालची ओळ बघितली आणि सही करून टाकली. बापाच्या नावावर काट मारलेली ती ओळ त्याला बघवली नसेल. सावळीरामला हे एकदम कळलं. फकिरा बघत होता, दोन्ही हात काउंटरवर टेकवून. सांगितलं की काय होईल, ते सावळीरामला माहीत होतं. असे कागद त्याने आयुष्यभर परत पाठवले होते. लाल पेन्सिलीने एक गोल, आणि मागे शेरा. शेरा मुंबईला जाणार, कॅप्टनच्या कागदांत बसणार, मोठ्या कंपनीच्या पहिल्या दिवसाआधी; आणि पोरगा कायम व्हायच्या आत घरी जाणार, सुरगाण्याला, आईजवळ. आणि न सांगितलं तर? चूक जडाच्या बाजूची होती. कागदावर जड, हवेत हलकं. त्याने शेवटच्या रांगेचा तोलही मनात करून बघितला, तिथे आता रिकामी जागा होती, नाक किंचित खाली, काही बिघडत नव्हतं. विमानाला धोका नव्हता. धोका नव्हता, हे त्याने तीनदा मोजलं, कारण तेवढंच मोजायचं त्याच्या हातात राहिलं होतं.

"काका? बरोबर आहे ना?"

एकतीस वर्षांत त्याने हे दोन शब्द बरोबर असल्याशिवाय उच्चारले नव्हते. त्याने कागद फिरवून फकिराकडे सरकवला.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

फकिराच्या खांद्यांतली हवा निघाली. सावळीराम उठला, पिशवी घेतली, आणि दाराशी गेल्यावर थांबला. म्हणाला, "कागद बंद करायच्या आधी माणसं परत मोजत जा. बोटांनी मोज. आणि मग गुणून बघ. दर वेळी. मी सांगितलं म्हणून." फकिरा हो म्हणाला. रस्त्यावर आल्यावर सावळीराम भरभर चालू लागला, कारण आत तो पोरगा आता ओठ हलवत गुणत असेल, आणि त्याच्या चेहऱ्याला जे होणार होतं, त्या वेळी समोर असायची त्याची तयारी नव्हती. रिक्षा मिळाली. तिकडच्या आकाशात काही नव्हतं, नुसतं पांढरं ऊन. पस्तीस-चाळीस मिनिटांचा प्रवास. एव्हाना घाट ओलांडला असेल. पंधरा माणसांचं विमान. शेवटच्या रांगेत, उजव्या खिडकीशी, पंचाहत्तर किलोचा सावळीराम बसला होता, त्याच्यापेक्षा अकरा किलोंनी जरा भरलेला, कुणी न मोजलेला, आणि तो सगळं बघत होता, ओझरच्या शेडची पाठ, गोदावरीची वळणं, अंबडच्या अलीकडची एकसारखी घरं. मुलाच्या सहीने बसला होता तो. मुंबईला त्याला कुणी उतरवणार नव्हतं. एखाद्या फायलीत तो तसाच राहील, हवेत.

रिक्षातच त्याला हसू आलं आणि ते हसू रडण्यासारखं वाकडं झालं, म्हणून त्याने चष्मा काढून पुसला. चष्म्याच्या घरात लताचं पान होतं. त्याने ते उघडलं नाही.

कॉलनीत शिरताना गच्चीवरचं लाल दुरूनच दिसलं. चार कोपऱ्यांना चार विटा, वाऱ्याने मधला भाग फुगत होता आणि बसत होता. चंद्रभागा पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसली होती, पदर डोक्यावरून पुढे ओढून. तो जिना चढून वर आला तेव्हा तिने आधी त्याच्या वहाणांकडे बघितलं, मग पिशवीकडे. दशम्या तशाच होत्या. म्हणाली, विमान गेलं बरं का, डोक्यावरून गेलं, लय खाली व्हतं, मी हात केला.

तो तिच्याशेजारी बसला. गच्ची तापली होती. लुगड्याचा रंग मधोमध खरंच उडाल्यासारखा दिसत होता, की ते ऊनच होतं.

"मंग?" ती म्हणाली. "न्हाय मिळाली जागा?"

"मिळाली," सावळीराम म्हणाला. "वजन गेलं. मी तेवढा राहिलो."

तिला काय कळलं कोण जाणे. ती उठली, एका कोपऱ्याची वीट काढली, मग दुसऱ्या, आणि लुगड्याची दोन टोकं धरून उभी राहिली. पलीकडची दोन धरायला माणूस लागतं. तो उठला आणि त्याने धरली. दोघांनी ते एकदा झटकलं, आणि घडी घालायला एकमेकांकडे चालत आली.